मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना अरुंद जिन्यावरून कसं उतरवावं?

सांगलीत नदीकाठच्या गल्लीत आम्हा शेजाऱ्यांचं पूर-पथक आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. आम्ही मात्र 35 फुटांनाच रुग्ण हलवणार. वीज गेल्यावर अंधाऱ्या जिन्यात उचलणाऱ्यांचा ताळमेळ सुटतो.

जिना अडीच फूट रुंद, मध्ये काटकोनी वळण, लिफ्ट नाही. स्वयंसेवकालाच उचलून सराव केला: सहा फुटी स्ट्रेचर वळणावर अडकतं, प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाकतात, चादरीच्या झोळीत पाठ दुमडते (मणक्याच्या रुग्णाला हे चालणारच नाही).

आता जाड ताडपत्रीचं स्ट्रेचर शिवून घेतोय. बजेट पाच हजार. 80 किलोच्या माणसासाठी पट्टे आडवे अंगाखालून न्यावेत की नुसते कडेला शिवावेत? पकडायला मुठी किती आणि वळणावर डोक्याकडची बाजू वर ठेवावी का?