मदत हवी आहे: बातमीलेखनाच्या वर्गात एआयचा नियम कसा लिहावा?

पत्रकारिता पदविकेला मराठी बातमीलेखन शिकवते. ३४ विद्यार्थी, बहुतेकांकडे फक्त मोबाइल. परवा ग्रामसभेच्या बातमीत एकाने सरपंचांच्या तोंडी छान दोन वाक्यं घातली. सरपंच त्या दिवशी सभेला आलेच नव्हते! वाक्यं चॅटजीपीटीची, पोराने जशीच्या तशी उतरवली.

सरसकट बंदी घालून पाहिली, वापर फक्त लपला. एआयचा मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरने एका मुलीचा माझ्यासमोर वर्गात लिहिलेला मजकूरही ‘एआय’ ठरवला. (चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केलं.) तेव्हा कृपया डिटेक्टर सुचवू नका.

आता ठरवतेय ते असं: शुद्धलेखन, मुलाखतीचं रेकॉर्डिंग लिहून काढणं, मथळ्यांचे पर्याय यांना मुभा, अवतरणं, आकडे, फोटो यांना अजिबात नाही. सोबत वहीतल्या टिपणांचा फोटो आणि वापरलेले प्रॉम्प्ट (एआयला दिलेल्या सूचना) जोडायचे. घोडं अडलंय भाषांतरावर. इंग्रजी एजन्सी कॉपी (वृत्तसंस्थेची बातमी) मराठीत आणणं हे आमच्याकडे २० गुणांचं काम आहे, आणि मशीन ते अर्ध्या मिनिटात करतं. परीक्षापद्धत यंदा बदलता येणार नाही.

मशीनचा मसुदा देऊन फक्त संपादनाला गुण, असं कुणी केलंय का? केलं असेल तर गुणविभागणी नेमकी कशी ठेवलीत?