बोअरचं जड पाणी : तुम्ही घरात काय करता?

लातूरकर (धागाकर्ती)
आमच्याकडं नळ आठवड्यानं, बाकी सगळं बोअरवर, अन् ते पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. शॉवरची निम्मी भोकं बुजलीत, घागरीवर पांढरे ओघळ, अन् फिल्टरवाले दारात येऊन मीटर बुडवून घाबरवायलेत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा जड की हलकं कुणी विचारलं नव्हतं, ते खरंय. आता विचारते. जाहिरात नको, स्वतः केलेलं लिहा.

परभणीच्या काकू
आधी वरणाचं बोलू. जड पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या द्या, टचटचीतच राहते. पाण्यातलं कॅल्शियम दाण्याला आवळून धरतं. सोड्यानं शिजते, पण चिमूटच बरा. जास्त पडला की वरणाला साबणाची चव येते, बी-१ जीवनसत्त्वही जातं. मी डाळ-चहासाठी नळाच्या पाण्याची घागर वेगळी ठेवते. ती संपली तर बोअरचं पाणी रात्री खळखळ उकळून ठेवते, सकाळी वरचं निवळ ओतून घेते. पातेल्याच्या बुडाला पिठूळ थर बसलेला असतो. सगळा जडपणा जात नाही, सल्फेटचा तसाच राहतो, पण डाळीपुरतं भागतं. चिंच डाळ शिजल्यावरच घालायची.

संभाजीनगर, गिझर-मोटारीची कामं
ताई, तो मीटर टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा. त्यात मीठसुद्धा धरलं जातं, नुसता जडपणा किती ते त्याला कळत नाही. सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करायचं यंत्र, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो अन् बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. गिऱ्हाईक मीटर बुडवतं अन् मलाच लबाड ठरवतं! जडपणा मोजायचं थेंबांचं किट घ्या. किटमधल्या रंगानं पाणी लालसर होतं, मग थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गिझर ५५ अंशांच्या आसपास ठेवा; पाणी जास्त तापलं की कॉइलवर थर लवकर चढतो.

बीड
केसांवर शेवटचा तांब्या तेवढा चांगल्या पाण्याचा. बाकी चालतंय.

नांदेडकर
शॉवरला लिंबूफूल. कोमट पाण्यात मोठा चमचा विरघळवून पिशवीत भरायचं, पिशवी रबरानं शॉवरला बांधून रातभर ठेवायची, सकाळी जुन्या ब्रशनं घासायचं. खाली शहाबादी असेल तर बादली ठेवाच. ती फरशी म्हणजे चुनखडी. थेंब पडला की फसफसतो अन् खडबडीत डाग कायमचा राहतो. आमच्या आधीच्या भाडेकरूंची अशी नक्षी न्हाणीत अजून आहे. बाथरूमचं अ‍ॅसिड अन् ब्लीच मात्र एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो.

धाराशिव
आरओचं टाकाऊ पाणी कूलरात ओतू नका. मुळात जड, त्यात आणखी दाट झालेलं. जाळ्या बघता बघता कडक होतात. फरशी पुसा, संडासात टाका. पावसाळ्यात पहिल्या सरी सोडून पत्र्यावरचं पाणी टाकीत धरलं तर डाळीला त्यासारखं नाही.

लातूरकर (धागाकर्ती)
किट मागवते. सासूबाई म्हणतात तुरटी फिरव, त्याचं काय?

परभणीच्या काकू
तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जडपणा नाही. टँकरच्या पाण्याला फिरवा.