कृष्णेच्या पात्रात पेस्ट कंट्रोल! ओएसएमवरचा हा कचरा कसा काढायचा?

सांगलीकर_नकाशे
मंडळी, ओपनस्ट्रीटमॅपवर (ओएसएम, म्हणजे कुणालाही भर घालता येणारा नकाशा) माझं काम सांगली-मिरज-कुपवाडपुरतंच. २०१९ च्या पुरानंतर गावभागातले बोळ कुणीतरी धड नकाशावर आणायला हवेत म्हणून सुरू केलं, ते चालूच आहे. परवा आयर्विन पुलाजवळचं थोडं दुरुस्त करायला बसलो, तर नदीच्या ऐन पात्रात एक ठिपका. नाव काय? 'सांगलीतील नंबर १ पेस्ट कंट्रोल वाळवी ढेकूण झुरळ स्वस्त दरात २४ तास'. डिस्क्रिप्शनमध्ये अख्खा परिच्छेद आणि मोबाइल नंबर दोनदा. त्याच खात्यावरून पॅकर्स मूव्हर्स, लोन, आरओ दुरुस्ती, क्लासेस अशी वीसेक ठिकाणं पडलीत. विश्रामबागला तर एकाच इमारतीवर चार धंदे, एकावर एक.

नदीतला ठिपका रागारागात उडवला. पण फोनमधल्या ॲपात तो अजून तिथेच तरंगतोय. शिवाय आणखी एक गडी आहे, त्याने 'आमचं घर', 'मामाचं घर', 'पप्पूचा अड्डा' असं लिहून ठेवलंय. दोघांचं सगळं एकदम रिव्हर्ट मारू, म्हणजे उलटवून टाकू का?

गोदाकाठ_पैठण
मारा की. विचारताय काय! फुकट जाहिरात करणाऱ्यांशी कसली चर्चा. आमच्याकडे तर औरंगाबाद आणि संभाजीनगर यावरून दोघांची महिनाभर खोडाखोडी चालली होती, तेव्हाही मी म्हणत होतो, दोघांनाही बाहेर काढा.

पाऊलवाट
सांगलीकर, एकदम नका मारू. आधी त्या खात्याचे चेंजसेट, म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांचे गठ्ठे, उघडून बघा. मी नाशिक भागात रोज सकाळी चहाबरोबर OSMCha (ओएसएमवरचे बदल तपासायचं साधन) चाळते, त्यात हा नमुना नेहमीचा आहे. नवं खातं, एका बैठकीत दहा-वीस ठिपके, चेंजसेटची कमेंट रिकामी, आणि मग ते खातं परत कधी उगवत नाही. ही जाहिरातवाली मंडळी असतात. गिऱ्हाइकांची यादी हातात, ती दिसेल त्या साइटवर ओतायची आणि वेबसाइटच्या लिंका मोजून पैसे घ्यायचे. पिन कुठे पडली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, म्हणून तुमचा ढेकूणवाला कृष्णेत पोहतोय.

पण ठिपका घाण आहे म्हणून दुकान खोटं असतं असं नाही. माझी कसोटी एकच: तिथे गेल्यावर डोळ्याला काय दिसतं? पाटी आहे, शटर आहे, गल्ल्यावर माणूस बसतो? मग ठिकाण ठेवायचं आणि जाहिरात सोलून काढायची. नाव पाटीवर असेल तेवढंच, फोन फोनच्या टॅगमध्ये, म्हणजे त्याच्या ठरलेल्या रकान्यात, डिस्क्रिप्शन पुसून टाकायचं, ठिपका खऱ्या जागी सरकवायचा. फोन केला की घरी येणारा, पण स्वतःची जागा नसलेला धंदा असेल तर तो नकाशावर नकोच. मग तो कितीही नंबर १ असो.

रिव्हर्ट करायचंच तर जोसम या नकाशा-एडिटरचा रिव्हर्टर प्लगइन वापरा, पण मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्या ठिपक्याला हात लावलाय का ते बघा. स्ट्रीटकम्प्लीट या ओएसएमच्या ॲपावरून एखाद्या पोराने उन्हात उभं राहून दुकानाच्या वेळा भरलेल्या असतात. तुम्ही घाईत उलटवलंत तर त्याचं कामही जातं. डिलीट केलेलं इतिहासात राहतं, परत आणता येतं. पण तो पोरगा परत येईल याची खात्री नाही.

आणि 'मामाचं घर' हे स्पॅम नव्हे हो! मॅप्स डॉट मी या ॲपातून असं जगभर झालं होतं. लोकांना वाटायचं आपण फक्त आपल्यापुरती खूण ठेवतोय, आणि ती जायची सगळ्यांच्या नकाशावर. खाजगी घरांची अशी नावं ठेवायची नाहीत, तेव्हा काढा, पण चेंजसेटवर मराठीत दोन ओळी लिहा. 'स्पॅम' हा शब्द त्यात नको. असल्या पोरांनीच पुढे आपापल्या गावच्या विहिरी आणि पाणंदी टाकलेल्या मी पाहिल्यात.

ॲपाचं म्हणाल तर त्यात ओएसएमची जुनी प्रत असते, नकाशा अपडेट होईपर्यंत ठिपका दिसणारच. ऑगस्ट २०१८ मध्ये कुणीतरी न्यूयॉर्कचं नाव बदलून ज्यूद्वेषी शब्द घातला होता. ओएसएमवर ते लगेच निस्तरलं गेलं, पण ओएसएमवरून नकाशे बनवणाऱ्या मॅपबॉक्स कंपनीच्या नकाशातून ते काही आठवड्यांनी स्नॅपचॅटवर झळकलं. आपण पुसलं म्हणजे सगळीकडचं पुसलं असं होत नाही.

गोदाकाठ, तुमच्याकडचं भांडण वेगळं. तो वाद आहे, कचरा नाही. २०२३ मध्ये नाव सरकारी दप्तरी बदललं, आणि जुन्या नावासाठी ओल्ड नेम हा टॅग आहेच. दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला शहर सापडलं पाहिजे. दोघांना चेंजसेटवर बोलायला लावा, तरी थांबले नाहीत तर डेटा वर्किंग ग्रुपकडे, म्हणजे असली भांडणं आणि नासधूस बघणाऱ्या ओएसएमच्या गटाकडे द्या.

शटर_अर्धं_उघडं
जरा आमचंबी ऐका. मी दुकानदार. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान मीच टाकलं होतं, वर 'डिस्प्ले एका तासात बदलून मिळेल' असं लिवलं. चार दिवसांत ठिपका गायब. कुणी काढला, का काढला, कायबी नाही. कमेंटमध्ये नुसतं 'स्पॅम'. दुकान तर बसस्टँडच्या समोर हाय, दिसतंय सगळ्यांना! ती एक ओळ काढली असती तर माझी काय तक्रार नव्हती. परत टाकायची इच्छाच गेली बगा.

पाऊलवाट
दादा, टाकाच परत. नाव, दुकानाचा प्रकार, वेळा आणि फोन एवढंच. परत कुणी काढलं तर इथे सांगा, मी त्याच्याशी बोलते.

सांगलीकर_नकाशे
ताई, काल संध्याकाळी पायीच फिरून आलो. आरओवाला खरा निघाला, हरभट रोडला आत बोळात. पाटीवर नाव निराळंच, त्यामुळे पुढे जाऊन परत मागे आलो. मालकाला ओएसएम काय ते माहीतच नव्हतं. 'ऑनलाइन सगळीकडे नाव आणतो' म्हणून एकाने पैसे नेलेत त्याच्याकडून. विश्रामबागच्या चारांपैकी क्लास तेवढा आहे, बाकी तिघांचा पत्ता नाही. ते काढले. पप्पूच्या अड्ड्यालाही कमेंट टाकली, त्याचं लगेच 'सॉरी सर' आलं आणि वर विचारतोय, गावचा पार टाकला तर चालेल का.

जाहिरातवाल्याकडून मात्र काही उत्तर नाही. उलट आज मिरजेत तोच ढेकणांचा मजकूर नव्या खात्यावरून आलाय. डेटा वर्किंग ग्रुपला ईमेल करायचा तर काय काय जोडू? स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

पाऊलवाट
स्क्रीनशॉट राहू द्या. दोन्ही खात्यांची नावं, चेंजसेटचे नंबर आणि तुम्ही कमेंट कुठे टाकली होती त्याची लिंक. इंग्रजीत चार ओळी पुरतात, तेही आपल्यासारखे फुकट राबणारे लोकच आहेत. बहुतेक आधी शून्य तासांचा ब्लॉक देतील, म्हणजे त्यांचा निरोप उघडून वाचल्याशिवाय त्या खात्याला पुढचं एडिट करता येत नाही. आणि पप्पूला सांगा, पार टाक, झाड वडाचं की पिंपळाचं तेही लिही.