केमो चालू, घरात कोविड. आईला धोका किती? लवकर सांगा

राजारामपुरी_८
आईची केमो चालू आहे. पुतण्या काल पॉझिटिव्ह आला. आईची लस पूर्ण झालीय. धोका किती आणि पुढची केमो ढकलायची का, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना विचारा' नको, ते उद्या भेटणार आहेत.

लॅबकट्टा
कॅन्सर कुठला? औषधं कुठली? केमोची शेवटची सायकल, म्हणजे फेरी, कधी झाली? स्तनाच्या कॅन्सरवर नुसत्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या असतील तर फार घाबरायचं कारण नाही. रक्ताचा असेल तर गोष्टच वेगळी.

राजारामपुरी_८
लिम्फोमा, म्हणजे रक्ताचाच. केमो आर-चॉप. ९ दिवस झाले. आता सांगा की.

लॅबकट्टा
मग लशीवर विसंबू नका. आर-चॉप हा औषधांचा संच, त्यातला 'आर' म्हणजे रिटुक्सिमॅब. अँटीबॉडी ज्या बी-पेशींपासून होतात त्याच ते संपवतं. शेवटच्या डोसनंतर ६ महिने, कधी त्याहून जास्त, लशीचा प्रतिसाद जेमतेम येतो. विषाणूही अंगात आठवडेच्या आठवडे राहू शकतो.
दुसरं, केमोनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, म्हणजे नेमक्या आत्ता. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला तर 'कोविडचाच असेल' म्हणून पॅरासिटामॉल देत बसू नका. रिपोर्टची वाट न बघता रात्रीसुद्धा इमर्जन्सीला न्या. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या खाली असेल तर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

शाहूपुरीकर
गुळवेलीचा काढा द्या सकाळ-संध्याकाळ. प्रतिकारशक्ती वाढते.

औषधपेटी
अजिबात नको. गुळवेलीने यकृताला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात, आणि चॉपमधली औषधंही यकृतातूनच निघतात. आई पॉझिटिव्ह आल्या तर लक्षणांपासून ५ दिवसांच्या आत पॅक्सलोविड, म्हणजे कोविडच्या विषाणूवरच्या गोळ्या, सुरू करायचं.

लॅबकट्टा
असं सरसकट सांगू नका. त्यातलं रिटोनाविर इतर औषधांची रक्तातली पातळी चढवतं. आईंना आणखी कुठल्या गोळ्या आहेत?

राजारामपुरी_८
बीपीची ॲम्लोडिपिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन. ते काय, सगळेच घेतात.

औषधपेटी
तेच आधी सांगायचं होतं. तेवढे दिवस ॲटोरव्हास्टॅटिन बंद ठेवतात, ॲम्लोडिपिन कमी करून बीपी बघतात. किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणीही करा. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ३० ते ६० च्या मध्ये असेल तर पॅक्सलोविडमधलं निर्माट्रेलविर ३०० ऐवजी १५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे सगळं उद्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लॅबकट्टा
त्यापेक्षा रेमडेसिविर बरं. लक्षणांपासून ७ दिवसांच्या आत, शिरेतून ३ दिवस: २००, १००, १०० मिलिग्रॅम. इतर औषधांशी भांडण कमी.

औषधपेटी
देणार कुठे? केमोच्या डे-केअरमध्ये, पेशी उतरलेल्या बाकीच्या पेशंटांशेजारी? वेगळी खोली असेल तरच.

बिंदूचौक
स्तनाच्या कॅन्सरवाल्यांनी लस दुसऱ्या बाजूच्या दंडात घ्यावी. काखेतल्या गाठी सुजतात आणि पेट स्कॅनमध्ये घोळ होतो.

राजारामपुरी_८
हे कुणी विचारलं? पुतण्या आईच्याच खोलीत झोपतो. आज रात्री काय करू ते सांगा!

लॅबकट्टा
हे आत्ता सांगताय! आधी त्याला हलवा. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, एसी बंद. दोघांनाही एन-९५, त्याचा बिनव्हॉल्व्हचा. आईंची आरटी-पीसीआर करा, निगेटिव्ह आली तरी ४८ तासांनी परत. बघायला येणारे पाव्हणे बंद. ताप जिभेखाली मोजा, गुदद्वारात थर्मामीटर नको. त्या पॉझिटिव्ह आल्या तर सायकल बहुधा पुढे जाईल. निगेटिव्ह राहिल्या तर मनाने तारीख चुकवू नका, आर-चॉप आजार बरा करण्यासाठीच देतात.