कॉम्पॅक्टनंतर कोणता कॅमेरा घ्यावा? (कासची फुले आणि भिगवणचे पक्षी)

उजनीकाठ (प्रश्न):
नमस्कार. मी साताऱ्यात राहतो, नुकताच निवृत्त झालो आहे आणि गेली अकरा वर्षे १६ मेगापिक्सेलचा, पाचपट झूमचा एक साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा वापरतो आहे. भाद्रपदात कासला जाणे आणि हिवाळ्यात एकदा-दोनदा भिगवणला जाऊन उजनीच्या फुगवट्यावर होडीतून रोहित पक्षी पाहणे, एवढाच माझ्या छायाचित्रणाचा पसारा आहे. कासची छायाचित्रे मनासारखी येतात, भिगवणची मात्र येत नाहीत. गेल्या माघात होडीवाल्याने इंजिन बंद करून होडी अलगद पुढे सरकवली, थवा उठला, मी बटण दाबले आणि घरी येऊन संगणकावर पाहिले, तर पाण्यावर नुसते गुलाबी फराटे उमटलेले होते.

आता ७५ हजार रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. दुकानदार कॅनन आर५० दाखवतो, पुतण्या सोनी झेडव्ही-ई१० घ्या म्हणतो, आणि एका परिचितांकडे निकॉन डी७२०० व ७०-३०० लेन्स अशी वापरलेली जोडी मिळते आहे. पाठीच्या दुखण्यामुळे फार वजन उचलवत नाही. काय करावे?

जुनेभिंग:
कॅमेऱ्याचे नाव ठरवण्याआधी ते फराटे उमटलेले छायाचित्र पुन्हा उघडा आणि त्याच्या माहितीत शटरचा वेग व आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा; तो वाढला की चित्रात रवा वाढतो) पाहा. पक्षी पुसट दिसणे, पक्षी लहान दिसणे आणि चित्रात रवा पडणे ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. एवढ्या अल्प वेळात पुरेसा प्रकाश गोळा करणे कॉम्पॅक्टला जड जाते, कारण तिच्यातल्या नेहमीच्या १/२.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर असते, तर आर५० च्या सेन्सरचे सुमारे ३३० चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बारापट आहे. तरीही हा बारापटीचा लाभ पुरता पदरात पडत नाही, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आर५० सोबत जोडीने मिळणारी ५५-२१० लेन्स लांबच्या टोकाला एफ/७.१ इतकीच उघडते (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी). कोवळे ऊन चांगले पसरल्यावर हजाराव्या भागाच्या शटरला आयएसओ ८०० च्या आसपास भागते, पण उजाडता उजाडता तोच आकडा ६४०० वर जातो आणि तुमच्या जुन्या कॅमेऱ्यातला रवा नव्या कॅमेऱ्यातही भेटीला येतो.

आता अंतराचे पाहू. पाचपट झूमचे टोक फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या १४० मिलिमीटर लेन्सच्या बरोबरीचे धरले, तर साठ मीटरवर चौकटीत सुमारे दहा मीटर उंचीचे दृश्य मावते आणि त्यात सव्वा-दीड मीटर उंचीचा रोहित सातव्या हिश्शाएवढा दिसतो. २१० मिलिमीटरची लेन्स आर५० वर ३३६ च्या बरोबरीची होते, म्हणून तोच पक्षी चौकटीची जवळजवळ तिसरा हिस्सा उंची व्यापतो. हा फरक मोठा आहे, मात्र मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल अशी पक्ष्याच्या डोळ्यातली चमक यातून मिळणार नाही. त्यासाठी पुढे कधीतरी १००-४०० लेन्स घ्यावी लागेल, म्हणून आजचे सगळे पैसे बॉडीवर (नुसत्या कॅमेऱ्यावर) घालवू नका.

पाणवठा:
पुतण्याचा सल्ला व्हिडिओ करणाऱ्यासाठी ठीक आहे, परंतु झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, नाही. उजनीच्या पाण्यावर ऊन चढल्यावर मागच्या पडद्यावर स्वतःच्या टोपीचे प्रतिबिंब सोडून काही दिसत नाही, आणि हातभर लांब धरलेला कॅमेरा होडीत स्थिरही राहत नाही. डोळ्याला लावता येईल असाच कॅमेरा घ्या. आर५० ला ती सोय आहे, शिवाय ती पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवते.

डोंगरतेरडा:
प्रश्नकर्त्यांनी कासची छायाचित्रे चांगली येतात असे लिहिले आहे, त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मी स्वतः मोठा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा कासला गेलो, तेव्हा दवबिंदू या कीटकभक्षी रोपट्यावरचे चिकट थेंब टिपायला गुडघ्यावर बसलो आणि लेन्स फोकसच घेईना. कॉम्पॅक्ट फुलापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर नेऊन चालते, तर सोबत मिळणाऱ्या लहान झूम लेन्सला साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर लागते. शिवाय लहान सेन्सरमुळे सीतेची आसवे या फुलांच्या झुबक्याबरोबर मागचे पठार आणि ढगही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, आणि तो नजारा मोठ्या सेन्सरवर सहज साधत नाही. त्यामुळे जुनी कॉम्पॅक्ट विकू नका.

एकट्या फुलाचे मोठे चित्र हवे असेल, तर ५५-२१० वर +४ डायॉप्टरचे क्लोज-अप भिंग बसवा. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर (सर्वांत दूर) ठेवला तरी फूल भिंगापासून २५ सेंटिमीटरवर स्पष्ट होते आणि २१० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा सेन्सरवर प्रत्यक्षाच्या ०.८४ पट उमटते. म्हणजे एक सेंटिमीटरचे गेंद या रानफुलाचे बोंडूक चौकटीची अर्ध्याहून अधिक उंची व्यापते. वाऱ्यात मात्र संयम लागतो.

कोकणवारा:
डी७२०० ची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून लिहितो. तिचा व्ह्यूफाइंडर आरशाचा असल्याने वीज खात नाही, आणि एका चार्जमध्ये ती आर५० च्या दुपटीहून अधिक छायाचित्रे काढते. मात्र बॉडी ७६५ ग्रॅमची आणि निकॉनची ७०-३०० व्हीआर साधारण तेवढीच, म्हणजे गळ्यात दीड किलो झाले. आर५० आणि ५५-२१० मिळून साडेसहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर आहेत. आपल्या पाठीचे ऐकायचे, तर माझाच पक्ष पडतो.

तरीही ती घेणार असाल, तर शटर काउंट (आजवर किती छायाचित्रे काढली तो आकडा) विचारा आणि लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पलीकडून पाडून पाहा. मी रत्नागिरीत एक लेन्स सबंध पावसाळाभर चामड्याच्या पिशवीत ठेवली होती आणि दिवाळीत काढली, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. चूक माझीच होती. नवीन घ्या किंवा जुनी, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि तिचे दाणे रंग बदलले की वेळच्या वेळी वाळवा.

उजनीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे भिगवणची छायाचित्रे तपासली. थवा उठतानाच्या बहुतेक चित्रांत शटर १/६० ते १/१६० सेकंदाच्या दरम्यान निघाले, आणि जवळजवळ सगळी सकाळी सातच्या आतली आहेत. काल दोन्ही कॅमेरे पाच-पाच मिनिटे डोळ्याला लावून उभा राहिलो. डी७२०० हातात झकास बसते, पण तिसऱ्या मिनिटाला खांद्याने जाणीव करून दिली. आर५० आणि दोन लेन्सची जोडी नक्की केली आहे, क्लोज-अप भिंग श्रावणात घेईन आणि कॉम्पॅक्ट कासच्या पिशवीतच राहील. होडीवाल्याला मात्र या वर्षी साडेसहाऐवजी आठची वेळ सांगणार आहे.