विषय: अकरावीला 'इंग्लिश फर्स्ट पीपल्स' घ्यायचं का?

प्रेषक: सरेची आई

नमस्कार मंडळी,
मुलगा इथे ब्रिटिश कोलंबियात (कॅनडा) दहावीत आहे. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. काउन्सेलर म्हणाल्या की ग्रॅज्युएट व्हायला लागणाऱ्या ८० क्रेडिटपैकी किमान ४ इंडिजिनस (इथल्या मूळ रहिवाशांच्या) विषयाचे हवेतच. 'इंग्लिश फर्स्ट पीपल्स', म्हणजे मूळ रहिवाशांच्या साहित्यातून शिकायचं इंग्रजी, घेतलं की इंग्रजीही होतं आणि ही अटही भागते. पण आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने ठणकावून सांगितलंय की ते हलकं इंग्रजी आहे, इंजिनिअरिंगला नडेल. कुणाच्या मुलांनी घेतलंय का?

प्रेषक: बर्नबीकर

ताई, बिनधास्त घेऊ द्या. यूबीसी आणि एसएफयू या दोन्ही विद्यापीठांत बारावीचं इंग्लिश फर्स्ट पीपल्स नेहमीच्या बारावीच्या इंग्रजीसारखंच धरतात. आमच्या मुलीने घेतलं होतं. हलकं कसलं, रात्री जागून निबंध लिहायची. अट २०२३-२४ पासूनची असली तरी कोर्स २००८ पासून आहे.

प्रेषक: रिचमंडचे काका

प्रवेशाचं समजलं. पण सक्ती कशाला? इंडिजिनस मुलांसाठी सरकार इतकी वर्षं वेगळा पैसा देतंय, तरी त्यांचे निकाल मागेच. त्यात आपल्या मुलांनी चार क्रेडिट घालवून त्यांना काय मिळणार? ढोल वाजवले, नारिंगी शर्ट घातले, झालं. कुणाला राग येणार असेल तर येवो, मी स्पष्ट बोलतो.

प्रेषक: रिसोर्स टीचर (फ्रेझर व्हॅली)

काका, राग नाही. ढोल आणि शर्टाबद्दल तर मी अर्धी तुमच्याच बाजूची. ३० सप्टेंबरला, जुन्या निवासी शाळांत नेलेल्या इंडिजिनस मुलांच्या आठवणीत, नारिंगी शर्ट घालणं सोपं, बजेटच्या टेबलावर जागा देणं अवघड. पण निकालांचं तुम्ही म्हणता तसं नाही.

इथे आठवीपासून सहा वर्षांत किती मुलं शाळा पूर्ण करतात ते मोजतात. २०१४ मध्ये इंडिजिनस मुलांचा आकडा ६२ टक्क्यांच्या आसपास होता, बाकीच्यांचा ८५ च्या वर. आता इंडिजिनस मुलं सत्तरीच्या पुढे गेली आहेत. दरी आहेच, पण ती आपोआप कमी झालेली नाही.

१९९९ पासून स्कूल डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आणि स्थानिक नेशन्स (मूळ रहिवाशांचे स्वतःचं प्रशासन असलेले समूह) यांच्यात पाच-पाच वर्षांचे करार होऊ लागले. त्यांतली कामाची गोष्ट म्हणजे आकडे समोर ठेवायची सक्ती. 'हाउ आर वी डूइंग?' नावाचा सरकारी अहवाल दरवर्षी निघतो. वाचन, गणित, ग्रॅज्युएशन, सगळं डिस्ट्रिक्टनिहाय. आकडे हातात असले की पालक विचारतात, आमच्या इतक्या मुलांना एव्हरग्रीन का दिलं? एव्हरग्रीन सर्टिफिकेट म्हणजे शाळा संपल्याचा दाखला. तो डिप्लोमा नव्हे, त्यावर विद्यापीठात प्रवेश मिळत नाही. तो मुळात गंभीर अडचणी असलेल्या मुलांसाठी आहे. पण 'याला झेपणार नाही' असं सातवी-आठवीतच ठरवून टाकलं की पोरगं त्याच रुळावरून जातं, आणि घरच्यांना कळतं तेव्हा बारावी आलेली असते. २०१५ मध्ये प्रांताच्या ऑडिटर जनरलनेच कमी अपेक्षा ठेवण्याच्या या वृत्तीला वर्णद्वेष म्हटलंय. माझ्या खोलीत अशा फायली येतात, म्हणून एवढं लांबण लावतेय.

आता पैसा. रिझर्व्हवर (नेशनसाठी राखलेल्या जमिनीवर) राहणाऱ्या मुलाच्या शिक्षणाचा पैसा ओटावाकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून, नेशनकडे येतो, आणि आपल्या पब्लिक शाळेत मूल घालायचं तर नेशन तो डिस्ट्रिक्टला देतं. त्यासाठी लोकल एज्युकेशन ॲग्रीमेंट असतं: बस कुठून सुटणार, मूल गैरहजर राहिलं तर फोन कुणाला, वेगळ्या अभ्यासक्रमात टाकण्याआधी कुणाशी बोलायचं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. पूर्वी काही डिस्ट्रिक्ट हे करार रेंगाळत ठेवायचे. २०२३ च्या कायद्याने नेशनने मागणी केली की नमुना करार लागू होतो. डिस्ट्रिक्टच्या प्रत्येक बोर्डाला इंडिजिनस प्रतिनिधींची एज्युकेशन कौन्सिलही नेमावी लागते. तुम्ही म्हणता तो वेगळा पैसा, मुलामागे दीड हजार डॉलरच्या वर, कसा खर्च करायचा याला या कौन्सिलची मंजुरी लागते.

अडचणी आहेतच. सरेमध्ये जमीन केट्झी, क्वांटलेन आणि सेमियामू नेशन्सची, पण वर्गातली इंडिजिनस मुलं दुसऱ्याच समाजांची, क्री असतील, मेटी असतील, उत्तरेकडून आलेली असतील. त्यांच्या वतीने बोलायचं कुणी? याचं सरळ उत्तर मला तरी कुठे दिसलेलं नाही.

प्रेषक: व्हिक्टोरियाचे आजोबा

माझं बालपण डहाणूकडचं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं गुरं राखायला जायची, तर शाळाच कुरणावर. फार मोठं काम. पण पुढे सरकारी आश्रमशाळा आल्या, आणि तिथे काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, हे पाड्यातल्या माणसाला कोण विचारतंय? नर्मदेच्या काठच्या जीवनशाळा मला वेगळ्या वाटतात. गावाने बांधलेल्या, गावातलेच शिक्षक, सुरुवात पावरी-भिलोरी या तिथल्या बोलींतून. इथल्या निवासी शाळांची तुलना मी आपल्या आश्रमशाळांशी करणार नाही. इथे दीडेक लाख मुलं त्या शाळांत गेली, त्यातली कितीतरी घरून हिसकावून नेलेली. पण गावाला न विचारता चालवायची सवय दोन्हीकडची. रिचमंडकर, सक्ती मलाही आवडत नाही. तरी उद्या आपली नातवंडं बोर्डावर, कंपन्यांत, सरकारात बसणार. करार कुणाशी करतोय हे त्यांना ठाऊक असलेलं बरं.

प्रेषक: रिचमंडचे काका

एव्हरग्रीनचं मला माहीत नव्हतं. सक्तीबद्दल माझं मत तेच. बाकी बाईंनी आकडे दिले ते बरं केलं.

प्रेषक: मराठी शाळा समिती

चर्चा चालू आहे म्हणून विचारते. २१ जूनच्या इंडिजिनस पीपल्स डेच्या आठवड्यात आपल्या रविवारच्या शाळेत कुणाला बोलावता येईल का? नाच किंवा गोष्ट, अर्धा तास. समितीकडे खर्चाची तरतूद नाही, पण जेवण देऊ.

प्रेषक: रिसोर्स टीचर (फ्रेझर व्हॅली)

ताई, जेवणावर नको. एल्डरना (समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांना) मानधन द्यायची इथे रीत आहे, आणि आधी विचारायचं असतं की त्यांना काय सांगायला आवडेल. नाच हवा असं आपण ठरवून नको. शिवाय जूनमध्ये त्यांना सगळीकडून बोलावणी असतात, ऑक्टोबर धरा. आपण ज्या शाळेची खोली भाड्याने घेतो, त्याच डिस्ट्रिक्टच्या इंडिजिनस एज्युकेशन विभागाला आधी मेल करा. मजकूर मी लिहून देते. खर्चाची तरतूद दिवाळीच्या बजेटमधून काढा, खजिनदारांशी मी बोलते.

प्रेषक: सरेची आई

फॉर्म दिला. इंग्लिश फर्स्ट पीपल्स ११ आणि प्री-कॅल्क्युलस ११. सगळ्यांचे आभार. आता फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही एकाच सेमिस्टरला आले तर काय करायचं, त्याचा वेगळा मेल टाकते.