रक्त हृदय पाठवतं की स्नायू ओढून घेतो?

दादरचा पेंगुळलेला
आज सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाद झाला. एक काका म्हणाले, पळताना हृदय जोरात चालतं म्हणून पायांना रक्त जास्त मिळतं. मला पटत नाही. पाय स्वतःच रक्त मागून घेतात. सोसायटीचा पंप कितीही मोठा बसवा, नळच बंद असेल तर बादली भरेल का?

हातात_घड्याळ
काका बरोबर आहेत. नाडी पहिल्याच पावलाला वाढते, कधीकधी तर पाऊल उचलायच्या आधीच. मेंदू हृदयाला आवरून धरणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम सैल करतो, आतडी-मूत्रपिंडांकडचा पुरवठा आवळतो. हुकूम वरूनच सुटतो.

दादरचा पेंगुळलेला
नाडीबद्दल मान्य. पण हिशेब करा. स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त टाकतं, त्यातलं साधारण १ लिटर स्नायूंना. दमछाक करणाऱ्या व्यायामात एकूण २५ पर्यंत आणि स्नायूंना २०. म्हणजे पंप पाचपट, बादली वीसपट! आतडी-मूत्रपिंडांनी आपला सगळा वाटा सोडला तरी तो पायांतच का जातो, हातांत का नाही?

लॅबवाली ताई
कारण चावी तिथेच फिरते. स्नायू पहिल्यांदा आवळला की शिरांतलं रक्त पुढे ढकललं जातं आणि सेकंदाभरात प्रवाह वाढतो. आवळताना बाहेर पडलेलं पोटॅशियम बारीक धमन्या रुंदावतं, मागोमाग अ‍ॅडेनोसिन, नायट्रिक ऑक्साइड. मेंदूचा हुकूम आणणारी सिम्पथेटिक नर्व्ह धमन्यांना 'आवळा' म्हणत असते, पण राबणारा स्नायू तिचं फारसं ऐकत नाही.

दादरचा पेंगुळलेला
घ्या! डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल स्नायूंतल्या केशवाहिन्यांवरच मिळालं होतं.

हातात_घड्याळ
केशवाहिन्यांवर. तुमचे नळ त्यांच्या अलीकडे, बारीक धमन्यांत. नोबेल उगाच मध्ये आणू नका. आणि सगळ्या विंगांनी एकदम नळ सोडले तर वरच्या मजल्यावर पाणी चढेल? वरचा मजला म्हणजे डोकं. रक्तदाब टिकवायला आवळणारा कुणीतरी लागतोच. 'फारसं' ऐकत नाही म्हणाल्यात ना ताई? म्हणजे थोडं ऐकतो.

लॅबवाली ताई
ऐकतो. तो मुद्दा तुमचा.

फास्ट लोकलवाला
मी रोज जिना चढून धावत गाडी पकडतो. धावताना काही नाही, डब्यात दांडी धरून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी. ही कुणाची चूक, पंपाची की नळाची?

लॅबवाली ताई
नळ अजून उघडेच असतात आणि पोटऱ्या दाबायच्या थांबतात, त्यामुळे रक्त पायात साचतं. टाचा वरखाली करत राहा. वारंवार होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

फास्ट लोकलवाला
टाचा? त्या गर्दीत एक पाय टेकायला मिळतो तेच खूप.